न सांगितलेला कोल्हा

कारंजा लाड हे पोथ्यांचं गाव आहे, असं आम्ही पाहुण्यांना अभिमानाने सांगतो, आणि ते खरंही आहे. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या इथल्या तीन जैन मंदिरांनी शेकडो वर्षं हस्तलिखितं जपली. रायबहादूर हिरालाल यांनी १९२६ साली मध्यप्रांत-वऱ्हाडातल्या संस्कृत आणि प्राकृत हस्तलिखितांची सूची छापली, तिच्यात कारंजाच्या भांडारांना मानाची जागा आहे. पुढे १९३०च्या दशकात अमरावतीला प्राध्यापक असलेल्या हिरालाल जैन यांनी इथल्या पोथ्या धुंडाळून अपभ्रंश ग्रंथ संपादित केले, ते कारंजाच्याच नावाच्या ग्रंथमालेत निघाले. (हे हिरालाल दोन वेगळे. त्यांची गल्लत नेहमी होते.) अशा गावात राहून वाद घालायचा तर शास्त्रार्थाच्या जुन्या शिस्तीने घालावा. आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, तेही त्याच्या बाजूने जितकं चांगलं मांडता येईल तितकं मांडून, मग आपलं.

वादाचा विषय मात्र पोथ्यांचा नाही. तीन ते सहा वर्षांच्या लेकराला मांडीवर घेऊन दाखवायचं पुस्तक कसं निवडावं, एवढाच आहे.

पहिला पूर्वपक्ष तात्पर्याचा. शाळेजवळच्या एखाद्या स्टेशनरीच्या दुकानात असं पुस्तक मागितलं की बहुधा तीन वस्तू पुढे येतात. गुळगुळीत पानांची बाराखडी, तसलंच ए-बी-सी-डी, आणि बोधकथा किंवा संस्कारकथा असं वर छापलेला एक जाडजूड संग्रह. दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही. गिऱ्हाईक मागतं तेच तो ठेवणार. गिऱ्हाईकाचं म्हणणंही टाकाऊ नाही. बापाला सोयाबीनच्या कामातून, आईला घरकामातून दहा मिनिटं मिळणार. त्या दहा मिनिटांत लेकराच्या मनात काहीतरी चांगलं पडावं, नुसती करमणूक नको, असं त्यांना वाटतं. म्हणून गोष्ट संपली की तात्पर्य हवं.

हा आग्रह आजचा नाहीच. मराठीत मुलांसाठी छापणं सुरू झालं तेच इसापाला हाताशी धरून. तंजावरला १८०६ साली ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने इसापाच्या कथा मराठीत छापल्या गेल्या आणि १८२८ साली सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी इसापनीती मुंबईकडच्या वाचकांना दिली. दोनशे वर्षांची सवय आहे ही. माझी तक्रार इसापाबद्दल नाही. त्याचा कोल्हा, त्याचा कावळा तात्पर्य काढून टाकलं तरी ताठ उभे राहतात. तक्रार त्या शेवटच्या चौकटीबद्दल आहे. चौकटीत ठळक अक्षरांत धडा छापला की वाचणारा मोठा माणूस पुस्तक मिटतो आणि विचारतो, “मग काय शिकलास?” चार वर्षांच्या लेकराला या प्रश्नाचं उत्तर चांगलं ठाऊक असतं. खोटं बोलू नये, असं ते पटकन सांगून मोकळं होतं आणि दुसऱ्या दिवशी गरज पडली की खोटं बोलतं. त्याला खरं तर विचारायचं असतं की लांडगा आला तेव्हा मेंढपाळाचा कुत्रा कुठे गेला होता. हा प्रश्न तात्पर्याच्या चौकटीत मावत नाही, म्हणून तो विचारलाच जात नाही.

त्यात या संग्रहांची चित्रं! एकच सिंह चार गोष्टींत फिरतो. गोष्टीत तीन पिल्लं आणि चित्रात चार. मोठ्यांच्या हे ध्यानातही येत नाही, कारण मोठे अक्षरं वाचतात. मूल चित्र वाचतं, आणि पिल्लं मोजतं.

दुसरा पूर्वपक्ष पैशाचा आहे, आणि तो आमच्या वऱ्हाडी रोखठोकपणाला साजेसा आहे. चांगलं चित्रपुस्तक एखाद्याच्या हातात दिलं की तो पानं भराभर उलटतो आणि म्हणतो, “याच्यात वाचाले हाये तं काय? एका पानावर एक ओळ. एवढ्याचे पैसे कायचे द्याचे?” शब्दांच्या हिशेबाने पाहिलं तर त्याचं बरोबर आहे. त्याच पैशात शंभर गोष्टींचा संग्रह येतो.

याला उत्तर म्हणून मी एका परक्या पुस्तकाची साक्ष काढतो. पॅट हचिन्स या इंग्रज चित्रकर्तीचं १९६८ सालचं ‘रोझीज वॉक’. सगळ्या पुस्तकात मिळून बत्तीस शब्द आणि वाक्य एकच. रोझी ही कोंबडी खुराड्यातून निघते, अंगणातून, तळ्याभोवतून, गंजीवरून, पिठाच्या गिरणीजवळून, मधमाश्यांच्या पेट्यांखालून फिरून जेवणाच्या वेळेला परत येते. बस. आता चित्रं पाहा. पहिल्याच चित्रापासून तिच्यामागे कोल्हा आहे. तो झेप घेतो तो दाताळ्यावर, आणि दाताळ्याचा दांडा त्याच्या तोंडावर. पुढची झेप तळ्यात. पुढे गंजीत, मग अंगावर पीठ, शेवटी मधमाश्या मागे. कोंबडी एकदाही मागे वळून पाहत नाही, आणि मजकुरात कोल्ह्याचा उल्लेख एकदाही नाही. एका शब्दानेही नाही.

म्हणजे होतं काय, की वाचणारा बाप शांतपणे कोंबडीचं फिरणं वाचत असतो आणि मांडीवरचं लेकरू ओरडतं, “कोल्हा! बाबा, मागे कोल्हा आहे!” बापाला जे वाचता आलं नाही ते त्याला दिसलं. कोंबडीला माहीत नाही, पुस्तकाला बोलायचं नाही, आता सगळी गोष्ट सांगायची जबाबदारी लेकराची. बत्तीस शब्दांचं हे पुस्तक एका बैठकीत लेकराकडून दोनशे शब्द काढून घेतं. शंभर गोष्टींचा संग्रह पहिल्या पानापासून शेवटपर्यंत स्वतःच बोलत असतो. पैसे शब्दांचे मोजायचे असतील तर मग कोणाचे शब्द, हे आधी ठरवावं लागेल.

माझा सिद्धान्त इथेच सांगून टाकतो. चित्र आणि मजकूर एकच गोष्ट दोनदा सांगत असतील, तर ते पुस्तक कितीही सुंदर असो, लेकराला तिथे काम नाही. दोघांच्या मध्ये फट हवी. चित्राने मजकुरापेक्षा जास्त सांगावं, किंवा वेगळं सांगावं, क्वचित त्याला खोटं पाडावं. त्या फटीतून मूल गोष्टीत शिरतं.

तिसरा पूर्वपक्ष शिक्षणाचा आहे आणि तो सगळ्यात वजनदार. तो म्हणतो, या वयात शब्दसंग्रह वाढायला हवा, वस्तूंची नावं कळायला हवीत, अक्षरांची ओळख व्हायला हवी. बाराखडीचं पुस्तक हे सगळं देतं, तुमची कोंबडी काय देते? या परंपरेलाही मोठा वंश आहे. कोमेनिअसने १६५८ साली काढलेलं ‘ऑर्बिस पिक्टस’ हे युरोपातलं मुलांसाठीचं आद्य सचित्र पुस्तक मानतात, तेही चित्र आणि वस्तूचं नाव असंच होतं. आमच्या तक्त्यांवरचा अननसाचा अ आणि ऋषीचा ऋ त्याच घराण्यातले. (ऋषी कारंजाच्या पोरांना तरी परका नाही. करंज ऋषींवरून गावाचं नाव पडलं म्हणतात आणि ऋषी तलाव गावातच आहे.)

तक्ता भिंतीवर जरूर लावा. पण तक्त्यासमोर होणारा संवाद आठवून पाहा. हे काय? आंबा. हे काय? घोडा. ही परीक्षा झाली, आणि तिच्यातली सगळी उत्तरं विचारणाऱ्याला आधीच माहीत आहेत. अमेरिकेत व्हाइटहर्स्ट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन-तीन वर्षांच्या मुलांचे पालक, दोन गट. दोन्ही गटांत घरी चित्रपुस्तकं वाचली जात होती, आणि सारखीच वाचली जात होती. फरक इतकाच की एका गटातल्या पालकांना मोकळे प्रश्न विचारायला, मुलाचं बोलणं पुढे वाढवायला शिकवलं होतं. चार आठवड्यांनी त्या मुलांची बोलण्याची क्षमता दुसऱ्या गटापेक्षा काही महिन्यांनी पुढे गेलेली दिसली. शब्दसंग्रह ऐकून वाढतो हे खरं, पण तो बोलून जास्त वाढतो.

इथे प्रतिपक्षाचा हुशार वकील उठेल आणि म्हणेल, अहो, मग पुस्तकाचा प्रश्नच मिटला की! पालक नीट बोलला तर कुठलंही पुस्तक चालेल, बोधकथासुद्धा. आक्षेप चोख आहे. तत्त्वतः मी तो मान्य करतो. एखादी आजी पंचांगातल्या चित्रावरही नातवाला तासभर बोलतं ठेवेल. पण पुस्तक निवडायचं ते दिवसभर राबून आलेल्या, काय विचारावं न सुचणाऱ्या माणसासाठी. त्याला मोकळे प्रश्न शिकवायला कारंजात कोण येणार? पुस्तकाने ते काम केलं पाहिजे. कोल्हा चित्रात असला की प्रश्न विचारावा लागत नाही, मूल आपणहून बोलतं.

राहिलेले पूर्वपक्ष इतका वेळ मागत नाहीत. एक भीतीचा. मुलांना राक्षस, अंधार, रडणं दाखवू नये. मॉरिस सेंडॅकचं ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ १९६३ साली निघालं तेव्हा अमेरिकेत हीच ओरड झाली. ब्रूनो बेटलहाइमसारख्या नामवंत मानसशास्त्रज्ञाने १९६९ साली त्यावर टीका केली, आणि तीही पुस्तक न वाचता, आयांकडून ऐकून. त्यातला पोरगा मस्ती केल्याबद्दल उपाशी झोपायला पाठवला जातो, राक्षसांच्या बेटावर जाऊन त्यांचा राजा होतो आणि घरी परततो, तेव्हा त्याचं जेवण अजून गरम असतं. आपल्याकडे खंडोबा-भैरोबाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्यांनी तर राक्षसांना भिण्याचं कारणच नाही. गोष्टीला परतीची वाट असली की झालं.

दुसरा इंग्रजीचा. पुढे इंग्रजी शाळेत घालायचं म्हणून आत्तापासून इंग्रजी पुस्तक. घरात वऱ्हाडी, तांड्यावर गोरमाटी, काही मोहल्ल्यांत उर्दू, आणि मांडीवरचं पुस्तक इंग्रजी, तेही वाचणाऱ्यालाच अडखळायला लावणारं. मग बोलणं बंद आणि पाठांतर सुरू. रोझीची साक्ष काढणारा मीच हे बोलतोय हे मला दिसतंय. पण ते पुस्तक कोणीही आपल्या बोलीत सांगू शकतो, कारण ते जवळपास सगळं चित्रांतच आहे. बिनशब्दांचं किंवा थोड्या शब्दांचं पुस्तक आमच्यासारख्या चार भाषांच्या गावाला म्हणूनच सोयीचं.

तिसरा पक्ष माझ्या मित्रांचा आहे, त्यामुळे तो खोडताना जरा जीवावर येतं. ते म्हणतात, पुस्तक इथल्याच मातीतलं हवं, पुणेरी फ्लॅटमधलं नको. भावना खरी आहे. सोहोळच्या अभयारण्यातले काळवीट, पूर्वी मूर्तिजापूरहून कारंजावरून यवतमाळला जाणारी आमची शकुंतला रेल्वे, कापसाने भरलेल्या बैलगाड्या, यांच्यावर चित्रपुस्तकं निघावीत आणि कोणी वऱ्हाडी चित्रकाराने ती काढावीत, असं मलाही मनापासून वाटतं. पण माती हा निकष झाला तर रद्दी पुस्तकसुद्धा नुसत्या बैलगाडीच्या जोरावर खपून जाईल. माधुरी पुरंदरे यांचं ‘राधाचं घर’ घ्या, त्यांची यशची पुस्तकं घ्या. घर शहरी वळणाचं, पण आई-बाबा, आजी-आजोबा, मुलाचा कंटाळा, नवी शाळा हे कारंजातल्या मुलाला ओळखू येतं, कारण चित्रकाराची नजर खरी आहे. पुरंदरे स्वतः जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या; मजकूर आणि चित्र एकाच हाताचं असल्यामुळे कुठे लिहायचं आणि कुठे गप्प बसून काढायचं हे त्यांना कळतं. २०१६ साली पहिला बिग लिटल बुक पुरस्कार लेखिका म्हणून त्यांना मिळाला. त्यांची ही पुस्तकं ज्योत्स्ना प्रकाशनाने काढली आहेत. चेन्नईचं तुलिका मराठीतही चित्रपुस्तकं छापतं, प्रथम बुक्सची पुस्तकं स्वस्त असतात. म्हणजे मिळत नाही, ही सबबही पूर्ण खरी नाही.

आणि मोबाइलवर सगळं असताना पुस्तक कशाला, हा शेवटचा पक्ष. हलणाऱ्या चित्रात कोल्हा आपणच येतो आणि जातो. पान उलटायचं की थांबायचं हे मुलाच्या हाती राहत नाही. तरी मोबाइलचा एक उपयोग मी सांगतो. प्रथम बुक्सने २०१५ साली सुरू केलेल्या स्टोरीवीव्हरवर मराठी चित्रपुस्तकं फुकट पाहता येतात आणि छापूनही घेता येतात. अंगणवाडीच्या ताईंनी, पालकांनी तिथे आधी पाहून मग खरेदी केली तर पैसे वाया जाणार नाहीत.

आता दुकानात काय करायचं ते. मजकुरावर हात ठेवा आणि नुसती चित्रं पाहा. गोष्ट कळते का? मग चित्रांवर हात ठेवून मजकूर वाचा. दोन्ही वेळा सारखंच कळलं तर पुस्तक परत ठेवा. शेवटच्या पानावर चौकट असेल तरीही परत ठेवा. पुन्हा पुन्हा वाचायचा तुम्हालाच कंटाळा येईल असं वाटलं तरी घेऊ नका, कारण लेकरू तेच पुस्तक रोज मागणार आहे.

शासनमान्य ग्रंथालयांना १९६७च्या कायद्याखाली अनुदान मिळतं आणि त्यातून दरवर्षी पुस्तकं घेतली जातात. कारंजातल्या आणि आसपासच्या गावांतल्या ग्रंथालयांच्या चालकांना माझी विनंती आहे की पुढच्या यादीत बोधकथांचे संग्रह कमी करा, तेवढ्या पैशात थोडी पण पारखलेली चित्रपुस्तकं घ्या, आणि ती कुलपाच्या कपाटात न ठेवता मुलांचा हात पोचेल अशा खालच्या फळीवर ठेवा. फाटली तर फाटू द्या, नवी घ्या.