फाशीचा कर्ता

मराठीत माणूस ‘फाशी जातो’ किंवा ‘फासावर चढतो’. दोन्ही प्रयोगांत कर्ता आहे तो मरणारा. जणू तो कुठे गावाला निघाला आहे, किंवा आपल्या पायांनी जिना चढतो आहे. याउलट ‘त्याला फाशी झाली’ असे म्हटले, की ती ताप यावा तशी आपोआप झालेली असते. वर्तमानपत्री मराठी ‘फाशी देण्यात आली’ म्हणून कर्ता वगळूनच टाकते. न्यायालय फाशी सुनावते, सरकार फाशी देते. पण खटका ओढणाऱ्या हाताला या वाक्यांत जागा नाही. जुन्या शिक्षांची नावेही अशीच आहेत. कडेलोट, सुळी देणे, हत्तीच्या पायी देणे : कडा, सूळ आणि हत्ती स्मरणात राहिले, माणूस राहिला नाही. त्याच्यासाठी आपण ‘जल्लाद’ हा मूळचा अरबी शब्द घेतला. मुळात त्याचा अर्थ फटके मारणारा असा. पण तोही आपण व्यवसायाचे नाव म्हणून क्वचित आणि शिवी म्हणूनच अधिक वापरतो.

हे सारे नागपूरच्या संदर्भात सुचले. फाशीची व्यवस्था असलेली महाराष्ट्रात दोनच कारागृहे : पुण्याचे येरवडा आणि वर्धा रोडवरचे नागपूर मध्यवर्ती कारागृह. बेचाळीसच्या चळवळीतील शंकर महाले या कोवळ्या वयाच्या तरुणाला 1943 च्या जानेवारीत इथेच फाशी दिली गेली. शहराने त्याला ‘शहीद’ म्हणून जपले. त्याच्या गळ्यात दोर अडकवणारा कोण होता, हा प्रश्न शहराने जपला नाही. 30 जुलै 2015 रोजी इथेच याकूब मेमनला फाशी झाली. त्या रात्री दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाची दारे पहाटेपूर्वी उघडली, युक्तिवाद झाले, याचिका फेटाळली गेली. वकील, न्यायमूर्ती, राष्ट्रपती, तुरुंगाचे अधिकारी या सर्वांची नावे आपल्याला कळली. तो दिवस याकूबचा जन्मदिवस होता, हेही कळले. खटका ओढणाऱ्याचे नाव मात्र सरकारने जाहीर केले नाही. 2012 साली येरवड्यात कसाबच्या वेळीही हेच घडले होते.

या गुप्ततेला सबळ कारण आहे, हे मान्यच करायला हवे. सूड घेऊ पाहणारे लोक असतात, आणि त्या माणसाला बायकामुले असतात. पण गुप्तता एकट्या त्याचेच रक्षण करते का?

इथे जर्मनीतील न्यूरेंबर्ग शहराचा दाखला आठवतो. सोळाव्या शतकात त्या शहराचा अधिकृत फाशीवाला होता फ्रान्झ श्मिट. त्याच्या बापाला एका सरदाराने भर चौकात बळजबरीने तिघांना फाशी द्यायला लावले, आणि त्या एका दिवसाने सारे घराणे बहिष्कृत झाले. मुलापुढे दुसरा व्यवसाय उरला नाही. साडेतीनशेहून अधिक माणसे त्याच्या हातून मेली. तो त्यांची रोजनिशी ठेवत होता : नाव, गुन्हा, शिक्षा. उरलेल्या वेळात तो हाडे बसवी, जखमा बऱ्या करी. म्हातारपणी, 1624 साली, त्याने थेट सम्राटाकडे अर्ज करून घराण्याची प्रतिष्ठा परत मिळवली. त्या शहराने त्याला पंगतीला बसवले नाही, पण नदीवर राहायला घर दिले. लोक त्याला विटाळ मानत होते. पण मारणारा हात आपल्याच शहराचा आहे, हे कोणी लपवत नव्हते.

नाव जाहीर झाले म्हणजे सारे साधते, असा मात्र माझा दावा नाही. कोलकात्याच्या नाटा मलिकचे नाव देशाला ठाऊक झाले. 2004 साली धनंजय चटर्जीच्या फाशीच्या सुमारास कॅमेरे त्याच्या दारात उभे होते. पुढे तर फासाच्या दोराचे तुकडे ताईत म्हणून विकले गेले. न्यूरेंबर्गमध्ये निदान लाज होती. इथे तमाशा झाला. जल्लाद एकतर अदृश्य असतो नाहीतर जत्रेतले आकर्षण. दोन्ही वेळा त्याला माणूस म्हणून पाहण्यातून आपली सुटका होते.

माझी मागणी मर्यादित आहे. आज नाव सांगू नका. पण त्या माणसाची साक्ष, त्याची इच्छा असेल तर, लिहून घ्या. आदल्या दिवशी वाळूच्या पोत्यांवर दोर तपासताना, कैद्याच्या वजनावरून दोराची लांबी ठरवताना आणि त्यानंतर घरी जाऊन जेवताना त्याला काय वाटले, हे सीलबंद ठेवा आणि पन्नास वर्षांनी उघडा. फाशीचे समर्थन करणाऱ्यांनी तर ही मागणी अधिक जोराने करावी. जे कृत्य न्याय्य आहे, त्याची नोंद ठेवायला भीती कसली? आणि ती नोंद वाचवणार नसेल, तर ते कृत्य आपण कोणाकरवी करून घेतले, याचा विचार करावा लागेल.

फाशी जनतेच्या नावाने दिली जाते. म्हणजे व्याकरणातून गळालेला तो कर्ता केवळ पगारी नोकर नव्हे. वर्धा रोडवरून रोज हजारो नागपूरकर त्या भिंतीजवळून कामाला जातात. आत कोण फाशी गेले, हे त्यांना सांगता येईल. फाशी कोणी दिली, असे विचारले तर बहुतेक जण म्हणतील, सरकारने. उत्तर चुकीचे नाही. पण त्यात ‘आम्ही’ हा शब्द नाही.