पहिल्या कादंबरीनंतरचा काळ : एक दुर्लक्षित अभ्यासविषय

मराठी कादंबरीवरील प्रबंधांत एक विधान वारंवार आढळते. एखाद्या लेखकाची पहिली कादंबरी लक्षवेधी ठरते. दुसरी येत नाही, किंवा दहाबारा वर्षांनी येते, किंवा लवकर आली तर उणी वाटते. मग अभ्यासक निष्कर्ष काढतो, की लेखकाचे अनुभवविश्व पहिल्याच कादंबरीत संपले. हे विधान इतके रूढ झाले आहे, की त्याला पुरावा मागण्याची गरज मार्गदर्शकाला वाटत नाही आणि तो देण्याची गरज विद्यार्थ्याला वाटत नाही. वस्तुतः हा निष्कर्ष नसून निकाल आहे, आणि तो आरोपीची बाजू न ऐकता दिलेला आहे. त्याऐवजी कादंबरी प्रसिद्ध झाल्यानंतर लेखकाचे दिवस कसे जातात, या प्रश्नाकडे वाङ्मयाभ्यासाचा विषय म्हणून पाहावे, असे मला सुचवावयाचे आहे.

कादंबरी हा सलग वेळ मागणारा वाङ्मयप्रकार आहे. कविता प्रवासात सुचू शकते, कथा दिवाळीच्या सुट्टीत पुरी होऊ शकते. कादंबरीला मात्र कित्येक महिने एकाच विश्वात मनाने वसती करावी लागते. मराठीत केवळ कादंबरीलेखनावर उपजीविका करणारे लेखक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकीचे शिक्षक, प्राध्यापक, कारकून, बँकेतील कर्मचारी, पत्रकार, शेतकरी वा गृहिणी आहेत. यांची पहिली कादंबरी पहाटे, रात्री, रजेच्या दिवसांत लिहिली जाते. ती लिहून होते याचे एक कारण असे, की तोवर त्यांना लेखक म्हणून कोणी ओळखत नसते. त्यांच्या उरलेल्या वेळेवर कोणाचाच हक्क नसतो. हे अनामिकत्व म्हणजे नवोदिताचे खरे भांडवल होय. पुस्तक प्रसिद्ध होताच पहिल्याने खर्ची पडते ते हेच.

प्रकाशनानंतरच्या वर्षाचा क्रम आपल्यापैकी अनेकांना जवळून माहीत आहे. प्रकाशन समारंभाची शाल आणि श्रीफळ घरी येते. करारानुसार मिळालेल्या मोजक्या प्रती आप्तांनाच पुरत नाहीत. मग लेखक सवलतीच्या दराने स्वतःच आपल्या प्रती विकत घेतो, त्यांवर 'सप्रेम भेट' किंवा 'अभिप्रायार्थ' असे लिहितो, पाकिटे चिकटवतो आणि टपाल कचेरीच्या रांगेत उभा राहतो. नियतकालिकांकडे परीक्षणार्थ दोन दोन प्रती जातात. परीक्षण येईलच असे नाही. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत प्रथम प्रकाशनासाठी स्वतंत्र गट आहे. गावोगावच्या संस्थांचेही पुरस्कार आहेत. त्या प्रत्येकाचा विहित नमुना, प्रतींची संख्या आणि अखेरची तारीख सांभाळावी लागते. ग्रंथालयांच्या खरेदीच्या याद्यांकडे डोळे लावावे लागतात. शनिवार-रविवार व्याख्यानांत, सत्कारांत आणि परिसंवादांत जातात. मानधन पुष्कळदा प्रवासखर्चापुरतेही नसते. कार्यालयात मात्र रजेचा अर्ज पूर्वीसारखाच लिहावा लागतो, आणि वरिष्ठांच्या नजरेत 'याला लिहायला वेळ कसा मिळतो' ही शंका नव्याने उमटलेली असते. लेखिका असेल, तर हीच शंका घरातही व्यक्त होते.

या साऱ्याच्या मोबदल्यात आर्थिक स्वास्थ्य मिळते काय? एक साधा हिशेब मांडू. कादंबरीची किंमत ३०० रुपये, आवृत्ती १००० प्रतींची आणि मानधन छापील किमतीच्या दहा टक्के असे समजा. सर्व प्रती विकल्या गेल्या, तरी लेखकाच्या हाती ३०,००० रुपये येतील. आवृत्ती संपायला तीन वर्षे लागली, तर वर्षाला १०,००० रुपये. भेटप्रती आणि टपालखर्च यांतून वजा करावयाचा आहे. म्हणजे प्रकाशन लेखकाचा वेळ घेते, पण तो वेळ पुन्हा विकत घेता येईल इतके धन देत नाही.

हा प्रश्न सर्वकाळ याच स्वरूपाचा होता, असे नाही. हरिभाऊ आपटे यांच्या कादंबऱ्या नियतकालिकांतून क्रमशः प्रसिद्ध झाल्या. 'करमणूक' हे त्यांनी १८९० मध्ये सुरू केलेले पत्र होते, आणि चरितार्थासाठी आनंदाश्रमाच्या व्यवस्थापनाचे काम होते. क्रमशः लिहिणाऱ्याला प्रकाशनाआधीचा निवांतपणा आणि प्रकाशनानंतरची धावपळ असे दोन वेगळे काळ नव्हतेच. वाचक पहिल्या प्रकरणापासून सोबत होता. 'विभावरी शिरूरकर' या टोपणनावाकडेही या दृष्टीने पाहता येईल. १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह आणि त्यापाठोपाठ 'हिंदोळ्यावर' ही कादंबरी आली, तेव्हा मोठी खळबळ माजली. टोपणनावामागची लेखिका मात्र आपले नित्याचे जीवन जगत राहू शकली. त्या नावाचा विचार आपण सामाजिक भीतीच्या संदर्भात करतो, आणि तो योग्यच आहे. पण पुढील लेखनासाठी आवश्यक असलेले अनामिकत्व त्या नावाने राखून ठेवले, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

आता स्वातंत्र्योत्तर काळातील तीन उदाहरणे पाहू. भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' १९६३ मध्ये आली, तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. 'बिढार' आली १९७५ मध्ये. मधली बारा वर्षे रिकामी नव्हती. अध्यापनाच्या नोकऱ्या, लघुनियतकालिकांची चळवळ आणि १९७० मधील 'मेलडी' हा कवितासंग्रह त्यांत आहे. 'बिढार' आणि तिच्यापुढील कादंबऱ्यांत प्राध्यापकी जीवन, महाविद्यालये आणि साहित्यव्यवहार हाच विषय झाला. म्हणजे जे दिवस कादंबरीपासून दूर नेत होते, तेच पुढे कादंबरीत आले. किरण नगरकर यांची 'सात सक्कं त्रेचाळीस' १९७४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांची उपजीविका जाहिरातक्षेत्रातील होती. त्यांची पुढची कादंबरी सुमारे वीस वर्षांनी आली आणि ती इंग्रजीत आली. या वीस वर्षांचा अर्थ 'अनुभव संपला' असा लावणे पुढील कादंबऱ्यांनीच अशक्य केले आहे. तिसरे उदाहरण उद्धव शेळके यांचे. १९६० मधील 'धग'ने त्यांना मराठीत कायमचे स्थान दिले. त्यांनी लेखणीवर जगण्याचा मार्ग स्वीकारला आणि पोटासाठी पुष्कळ रंजनपर कादंबऱ्या लिहिल्या. समीक्षेने याला 'धग'नंतरची घसरण म्हटले. त्या घसरणीतील दर पृष्ठाचा मोबदला किती होता, हे मात्र कोणी विचारले नाही.

येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की ही चरित्रात्मक समीक्षेकडे परत जाण्याची वाट आहे. मला तसे वाटत नाही. लेखकाच्या खाजगी आयुष्यावरून पात्रांचा उलगडा करा, असे येथे म्हटलेले नाही. वेळ, पैसा, नोकरी, वितरण आणि पुरस्कार या वाङ्मयनिर्मितीच्या भौतिक अटी आहेत, आणि साहित्याचे समाजशास्त्र शिकवताना आपण त्यांचे महत्त्व तत्त्वतः मान्य करतोच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. भाऊ पाध्ये यांनी नोकऱ्या आणि पत्रकारिता करीतच १९६० ते १९६७ या काळात 'डोंबाऱ्याचा खेळ', 'वासुनाका', 'बॅरिस्टर अनिरुद्ध धोपेश्वरकर' अशा कादंबऱ्या लिहिल्या, 'वासुनाका'वर प्रखर टीका होऊनही लिहिल्या. तेव्हा परिस्थितीच सर्व काही ठरवते असे म्हणता येणार नाही. हे मान्य आहे. काहींचा अनुभव पहिल्या कादंबरीत खरोखरच संपत असेल. परंतु कोणाचा संपला आणि कोणाला सवड मिळाली नाही, यांतील फरक परिस्थितीचा अभ्यास केल्यावाचून कळणारच नाही. तो फरक न करता दिलेला निकाल अन्यायाचा आहे, आणि तो जिवंत लेखकाविषयी असेल तर त्याच्या पुढील लेखनावरही त्याची सावली पडते.

या संदर्भात आपली, म्हणजे मराठी विभागांची, जबाबदारी मोठी आहे. कारण नवोदिताचा वेळ घेणाऱ्यांत आपण अग्रभागी आहोत. वाङ्मय मंडळाच्या उद्‌घाटनाला आपण त्याला बोलावतो. कादंबरी न वाचताच तयार केलेली चाळीस प्रश्नांची प्रश्नावली आपले संशोधक विद्यार्थी त्याच्याकडे धाडतात, आणि ज्यांची उत्तरे कादंबरीतच आहेत असे प्रश्न त्याला विचारतात. विभागाच्या ग्रंथालयासाठी आपण भेटप्रत मागतो. जे एकच काम आपण करू शकतो आणि इतर कोणी करणार नाही, ते म्हणजे प्रत विकत घेऊन ती सावकाश वाचणे आणि वर्षभरात तिच्यावर जबाबदारीने लिहिणे. ते मात्र राहून जाते.

म्हणून दोन गोष्टी सुचवतो. प्रत्येक विभागाने आपल्या परिसरातील नवोदित कादंबरीकारांची कागदपत्रे, म्हणजे हस्तलिखिताचे खर्डे, प्रकाशकाशी झालेला पत्रव्यवहार, मानधनाचे हिशेब, वाचकांची पत्रे, लेखकाच्या संमतीने जपण्याची व्यवस्था करावी. आज ही सामग्री माळ्यावर किंवा भ्रमणध्वनीत पडून आहे आणि दोन्हीकडून ती नाहीशी होत आहे. दुसरे असे, की 'अनुभवविश्व संपले' हे वाक्य प्रबंधात आले, तर मार्गदर्शकाने समासात एवढेच लिहावे : पहिल्या कादंबरीनंतर लेखकाकडे दिवसाचे किती तास उरले होते? या प्रश्नाचे उत्तर शोधणाऱ्या विद्यार्थ्याच्या हातून मराठी कादंबरीच्या इतिहासातील एक न लिहिलेले प्रकरण लिहिले जाईल. दुसरी कादंबरी का आली नाही, हे त्यातूनच कळू लागेल.