केर काढण्याची किंमत

वैतरणा स्थानकाहून आगगाडीनें उत्तरेस निघालें म्हणजे पालघरच्या पुढें बोईसर लागतें, व तेथून पश्चिमेस समुद्रकांठीं तारापूरचें अणुवीजकेंद्र आहे. १९६९ सालीं उभ्या राहिलेल्या तेथील पहिल्या दोन अणुभट्ट्यांची रचना अशी, कीं इंधन बदलण्यासाठीं भट्टी पूर्ण बंद करावी लागते. २००५-०६ सालीं सुरू झालेल्या तिसऱ्या व चौथ्या भट्टींत मात्र एका टोंकानें नवें इंधन आंत सारतात, दुसऱ्या टोंकानें जळलेलें बाहेर घेतात, आणि वीजनिर्मिति चालूच राहते. या सोईसाठीं अवघड यंत्रें मात्र वारंवार राबवावीं लागतात.

संगणकाच्या भाषांपुढेंहि असाच प्रश्न आहे. जावासारख्या भाषेंतील प्रोग्राम व्हर्च्युअल मशीन नांवाच्या मध्यस्थाच्या आश्रयानें चालतो. काम करतांना मेमरींत सांठलेली निरुपयोगी माहिती हा मध्यस्थच हुडकतो आणि तिची जागा मोकळी करतो. यास गार्बेज कलेक्शन म्हणतात. जॉन मॅकार्थी यांनीं लिस्प भाषेसाठीं योजिलेली ही युक्ति १९६० सालीं प्रसिद्ध झाली.

मूळ पद्धतींत सफाई होईपर्यंत सारें काम थांबे. रात्रीं निकालपत्रकें तयार करणाऱ्या प्रोग्रामास असा विराम बाधत नाहीं. पण तिकिटाचे पैसे भरतांना यंत्र स्तब्ध झालें, तर मनुष्य घाबरून पुन्हां बटण दाबतो. म्हणून चालत्या कामांतच सफाई करण्याच्या पद्धति निघाल्या. जावाच्या झेडजीसी पद्धतींत विराम बहुधा एक सहस्रांश सेकंदाहूनहि कमी असतो. एर्लांग भाषेंत प्रत्येक लहान कामाची मेमरी निराळी ठेवून ज्याचा केर त्यानेंच काढावा, शेजाऱ्यानें थांबूं नये, अशी व्यवस्था आहे.

हें सारें फुकट मिळतें काय? मुळींच नाहीं. विराम घटविला कीं प्रोसेसरचे श्रम वाढतात व मोकळी मेमरी अधिक लागते. स्वयंचलित सफाईचा एकंदर खर्चहि थोडा नव्हे. २००५ सालीं हर्ट्झ व बर्जर या संशोधकांनीं जावाचे प्रोग्राम मोजून पाहिले. पांचपट मेमरी दिली असतां अशी सफाई हातानें केलेल्या सफाईच्या तोडीस उतरली. दुप्पटच दिली असतां काम सरासरी सत्तर टक्के मंदावलें.

ही किंमत शेवटीं कोण भरतो, हा आमच्या मतें खरा प्रश्न आहे. अँड्रॉइड मोबाइलवरील बहुतेक ॲप अशाच व्यवस्थेवर चालतात. प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या संगणकांत मेमरी विपुल असते. पण ज्या घरीं कमी मेमरीचा एकच मोबाइल आणि त्यावर तिघां भावंडांचा अभ्यास, त्या घरीं उधळपट्टीचा भार पडतो. पालक मुलास आळशी म्हणतात, आणि दोष असतो दूर कोठें तरी लिहिलेल्या प्रोग्रामाचा.

बुरूज बांधूं इच्छिणाऱ्यानें आधीं बसून खर्च मोजावा, असा दृष्टांत प्रभु येशूनें दिला आहे. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येक पुढें प्रोग्राम लिहितील. यंत्र आपोआप झाडतें एवढेंच शिकून त्यांनीं समाधान मानूं नये. कोणत्या कामास विराम चालेल, कोणत्यास चालणार नाहीं, आणि मेमरी किती खर्चावी, याचा हिशेब त्यांनीं आधीं करावा. व तो करतांना सर्वांत साधा मोबाइल वापरणारा मनुष्य डोळ्यांपुढें ठेवावा, अशी आमची त्यांस आग्रहाची विनंति आहे.