घरी बनवलेली छऱ्याची बंदूक

२०२५च्या दिवाळीत भारतातील भोपाळ आणि मध्य प्रदेशातील इतर शहरांतून एक दुःखद बातमी आली. प्लास्टिकच्या नळापासून बनवलेली ‘कार्बाइड गन’ तेथे शे-दोनशे रुपयांना विकली जात होती. कॅल्शियम कार्बाइडवर पाणी पडले की अ‍ॅसिटिलीन वायू तयार होतो. ठिणगी मिळताच तो पेटतो आणि मोठा बार होतो. बार उडाला नाही म्हणून काही मुले नळात डोकावली आणि नेमका तेव्हाच तो उडाला. शंभराहून अधिक जणांच्या डोळ्यांना इजा झाली, त्यांत बहुतेक मुले होती. काहींची दृष्टी गेली. मग विक्रीवर बंदी आली, विक्रेत्यांना अटक झाली. पण गेलेले डोळे परत आले नाहीत.

वाचक बंधु-भगिनींनो, भोपाळ आपल्या मॉरिशसपासून दूर आहे असे समजून आपण स्वस्थ बसू नये. बंदूक बनवण्याचे धडे मोबाइलवर साऱ्या जगातील मुलांना सारखेच दिसतात. वर्षअखेरच्या सुट्टीपूर्वी सहावीतील एका विद्यार्थ्याने मला विचारले, “गुरुजी, सायकलच्या पंपाने नळात किती हवा भरता येते?” त्याच्या वहीत छऱ्याच्या बंदुकीचा आराखडा होता. त्यात आग नाही, दारू नाही; नुसता नळ, झडप आणि हवा. चित्र सुबक होते. मी रागावलो नाही, पण त्याला नीट उत्तर देण्यास मला दोन दिवस लागले. ते उत्तर पालकांनीही ऐकावे म्हणून हा लेख.

पहिली गोष्ट ही की, हवेवर चालते म्हणून बंदूक खेळणे ठरत नाही. १७८०च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्याने दाबलेल्या हवेवर चालणारी जिरार्दोनी बंदूक वापरात आणली होती, आणि ती माणूस मारण्यासाठीच होती. आजही अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या सांगण्याप्रमाणे त्या देशात छऱ्याच्या बंदुकांनी वर्षाला सरासरी चार माणसे मरतात. सोळा वर्षांखालील मुलांच्या हाती वेगवान छऱ्याची बंदूक देऊ नये, असा त्या आयोगाचा सल्ला आहे. ग्लासगो शहरात २००५ साली एअरगनच्या छऱ्याने दोन वर्षांचे बाळ दगावले. पुढे स्कॉटलंडने कायदा केला आणि ३१ डिसेंबर २०१६पासून तेथे एअरगन बाळगण्यास प्रमाणपत्र लागू लागले.

दुसरी गोष्ट मोजमापाची. शंभर ग्रॅमचा बटाटा एक मीटर उचलण्यास साधारण एक ज्यूल ऊर्जा लागते. ०.२ ग्रॅमचा प्लास्टिकचा छरा सेकंदाला शंभर मीटर वेगाने सुटला तर त्याच्यातही एक ज्यूलच असते. फरक एवढाच की, ती सारी ऊर्जा सहा मिलिमीटरच्या गोळीत एकवटलेली असते. क्रिकेटचा चेंडू चेहऱ्यावर आला तर डोळ्याच्या खोबणीचे हाड बराच मार झेलते. छरा त्या हाडाच्या आतून सरळ बुबुळावर जातो. म्हणूनच निरनिराळ्या देशांनी मर्यादा आकड्यांत लिहिल्या आहेत. जपानने २००६ साली अशा सहा मिलिमीटरच्या खेळातील बंदुकांना ०.९८ ज्यूलची सीमा घातली. ब्रिटनमध्ये २०१७च्या कायद्याने एकेक छरा सोडणाऱ्या बंदुकीसाठी २.५ ज्यूल आणि सलग सोडणारीसाठी १.३ ज्यूल हा आकडा ठरला. भारतात २०१६च्या नियमांप्रमाणे वीस ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जेच्या एअरगनला परवाना लागतो.

आकडे वेगवेगळे असले तरी त्यांमागचा विचार एक आहे: बंदूक किती जोराने मारते हे कोणीतरी मोजलेले असावे. घरी बनवलेल्या बंदुकीत नेमके हेच नसते. बनवणाऱ्याला छऱ्याचा वेग ठाऊक नसतो. आज पंपाचे दहा झटके मारले, उद्या मित्राला दाखवताना वीस मारले. कालचे खेळणे आज हत्यार झाले, हे त्याला कळतही नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. अशा बंदुकीचा पहिला धोका समोरच्याला नसून ती धरणाऱ्याला असतो. पाण्याच्या नळावर छापलेला दाबाचा आकडा पाण्यासाठी असतो, हवेसाठी नसतो. पाणी दाबले तरी फारसे आकसत नाही. त्यामुळे नळ फुटला तर पाणी उसळते आणि दाब लगेच उतरतो. हवा मात्र स्प्रिंगसारखी आकसून बसते. एक लिटरच्या नळात सात बारपर्यंत हवा भरली तर त्यात कित्येक शे ज्यूल साठतात, आणि चांगला पंप एवढा दाब सहज देतो. छऱ्याबरोबर त्यांतले एक-दोन ज्यूल जातात. नळ फुटला तर बाकीचे सगळे मुलाच्या हातात आणि तोंडासमोर सुटतात. पीव्हीसी फाटत नाही, त्याच्या धारदार चिपा उडतात. उष्णतेने त्याची ताकद कमी होते आणि उन्हात पडून ते ठिसूळ होते. आपल्या बेटावरचे ऊन कसे असते हे सांगायला नको. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्याने १९८८ सालीच उघड्यावरील पीव्हीसी नळांतून दाबलेली हवा नेण्याविरुद्ध इशारा दिला होता.

मग मुलाला काय सांगावे? “हात लावू नकोस” एवढेच सांगितले तर तो तीच गोष्ट घरामागे लपून करील. भोपाळच्या मुलांनाही फटाके जपून उडवा असे घरोघरी सांगितलेच असेल. मी त्याची वही परत दिली आणि म्हटले, “नळ ठेवून दे. शीतपेयाची प्लास्टिकची बाटली आण.” त्या बाटलीत एक तृतीयांश पाणी भरून त्याच पंपाने, दाबावर लक्ष ठेवून, मोकळ्या मैदानात पाण्याचे रॉकेट उडवता येते. ती बाटली मुळात वायूचा दाब सोसण्यासाठी बनवलेली असते. तरीही डोळ्यांवर सुरक्षा चष्मा हवा, मुले लांब उभी हवीत आणि पंपाजवळ मोठे माणूस हवे. दाब, वेग, अंतर हे सारे त्यात शिकता येते, आणि कोणावर नेम धरावा लागत नाही.

पालकांना एवढीच विनंती. मुलगा नळ, झडपा आणि पंप गोळा करू लागला तर आधी त्याच्या शेजारी बसा, आराखडा पाहा. छऱ्याची बंदूक, मग ती विकतची असो की घरची, घरात येण्याआधी कायदा काय म्हणतो ते जवळच्या पोलिसठाण्यात विचारून घ्या. मुलाचे कुतूहल ही घराची दौलत आहे. ती जपायची तर त्याचे दोन्ही डोळे आधी जपले पाहिजेत.