संदीप पाटील आणि तो एक फटका

कपिल देव आणि संदीप पाटील यांना एकाच मॅचमधल्या एकाच गुन्ह्यासाठी शिक्षा झाली. कपिल एक टेस्ट बाहेर बसून परत आला. पाटील पुन्हा टेस्ट खेळलाच नाही.

डिसेंबर १९८४, दिल्ली. इंग्लंडविरुद्ध शेवटच्या दिवशी फक्त मॅच वाचवायची होती. पाटील ४१ वर उंच मारायला गेला आणि आऊट झाला. मग कपिल आला, एक सिक्स ठोकला आणि पुन्हा तसंच मारायला जाऊन ७ वर गेला. ४ बाद २०७ वरून सगळा डाव २३५ वर आटोपला आणि इंग्लंड आठ विकेटनी जिंकलं. बेजबाबदार फटके मारले म्हणून पुढच्या कलकत्ता टेस्टमधून दोघांनाही वगळलं. तिथे अझरुद्दीन नावाचा नवा मुलगा आला आणि त्याने पहिल्या तीन टेस्टमध्ये तीन शतकं काढली. संपलं! आता पाटीलला जागा कुठून मिळणार?

अझर खेळायला नको होता असं माझं म्हणणं नाही. पण दोनच महिन्यांपूर्वी, ऑक्टोबरमध्ये, याच पाटीलने फैसलाबादला १२७ मारले होते हो! वय होतं २८.

त्याची कारकीर्द म्हणजे २९ टेस्ट, १५८८ रन, सरासरी ३६.९३. एक्सेल शीटमध्ये बघितलं तर 'ठीक आहे' म्हणून पुढे स्क्रोल कराल. पण १९८१ ला सिडनीत पाटील ६५ वर खेळत असताना लेन पॅस्कोचा बाउन्सर त्याच्या डोक्यावर बसला. हेल्मेट नव्हतं. पुढच्याच टेस्टमध्ये, ॲडलेडला, त्याने १७४ मारले. १९८२ ला मँचेस्टरमध्ये बॉब विलिसच्या एकाच ओव्हरमध्ये सहा चौकार. त्याच मैदानावर १९८३ च्या वर्ल्ड कप सेमीफायनलमध्ये ३२ बॉलमध्ये नाबाद ५१. लॉर्ड्सची फायनल सगळ्यांना पाठ असते, ही इनिंग मात्र फारशी कुणाला आठवत नाही.

ऑनसाईट असताना मला बेसबॉलचं वेड लागलं. तिथे रेगी जॅक्सन नावाचा आउटफिल्डर होऊन गेला, १९६७ ते १९८७. ५६३ होम रन. आणि स्ट्राइकआउट किती? २५९७! म्हणजे इतक्या वेळा बॅट फिरवून किंवा नुसतं बघत राहून हा बाबा हात हलवत परत गेला. हा नकोसा विक्रम आजही त्याच्याच नावावर आहे. तरी १९९३ मध्ये त्याला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, कारण १९७७ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये एकाच मॅचमध्ये त्याने तीन वेगवेगळ्या पिचरना, प्रत्येकाच्या पहिल्याच बॉलवर, होम रन मारले होते. होम रन पाहिजे तर स्ट्राइकआउट पण येणार, हा हिशोब त्या लोकांनी आधीच मांडून ठेवलेला.

आमच्या मालेगावच्या गल्लीत बरोबर उलटा नियम. यंत्रमागांना शुक्रवारी सुट्टी, त्यामुळे त्या दिवशी गल्लीत टेनिस बॉलची मॅच ठरलेली. बॉल डायरेक्ट कुणाच्या गच्चीवर गेला की बॅट्समन आऊट! जागाच नव्हती, पर्याय काय? सगळ्यात ताकदवान पोरगा सगळ्यात आधी आऊट व्हायचा. पण दिल्लीच्या कोटला मैदानावर तर कुणाची गच्ची नव्हती ना!

आमच्या टीम लीडचं मत वेगळं. तो म्हणतो, शेवटच्या दिवशी मॅच वाचवायची असताना हवेत मारणं म्हणजे रिलीजच्या रात्री टेस्टिंग न करता कोड टाकणं. मान्य. पण त्याची शिक्षा म्हणून बग काढायला लावाल की माणूसच काढून टाकाल? आणि तोच गुन्हा करणाऱ्या दुसऱ्याला पुढच्या टेस्टमध्ये आत घेतलं, हे विसरू नका. कपिल बॉलिंगही करायचा, म्हणून त्याच्याशिवाय चालणार नव्हतं. पाटीलशिवाय चाललं. एवढाच फरक.

असो. पाटील घरी बसून कुढला नाही. १९८५ मध्ये 'कभी अजनबी थे'चा हिरो झाला (त्याबद्दल न बोललेलं बरं). कोच म्हणून केनियासारख्या टीमला त्याने २००३ च्या वर्ल्ड कपच्या सेमीफायनलपर्यंत नेलं. आणि २०१२ ते २०१६ तो चक्क भारताच्या निवड समितीचा अध्यक्ष होता. दिल्लीतला तो ४१ वरचा फटका त्या खुर्चीतून कसा दिसला, हे मला त्याला एकदा विचारायचंय.