अंगणवाडीतील शिक्षणाची गुणवत्ता मोजण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. आयुक्त,
एकात्मिक बालविकास सेवा योजना, महाराष्ट्र राज्य

विषय : अंगणवाडी सेविकांच्या मुलांसोबतच्या प्रत्यक्ष कामाचे निरीक्षण सुरू करण्याबाबत

महोदय/महोदया,

अंगणवाडीत आज काय मोजले जाते, हे अंगणवाडीच्या नोंदींचे ‘पोषण ट्रॅकर’ ॲप उघडले की कळते : केंद्र उघडले का, मुले किती आली, आहार किती जणांना मिळाला, वजन-उंची घेतली का. या नोंदी हव्यातच. पण सेविका मुलांशी कशी बोलली, हे त्यातल्या एकाही आकड्यातून कळत नाही. एके ठिकाणी ससा-सिंहाची गोष्ट सांगताना सेविका मध्येच थांबते, ‘आता ससा काय करेल?’ असे विचारते आणि मागे बसलेले अबोल मूल तोंड उघडेपर्यंत वाट पाहते. दुसरीकडे तीच गोष्ट एका दमात उरकली जाते आणि मुले एका सुरात ‘क कमळाचा’ घोकत बसतात. रजिस्टरमध्ये मात्र दोन्हीकडे एकच नोंद होते : गोष्ट घेतली.

हा फरक किरकोळ नाही. आसाम, राजस्थान आणि तेलंगणातील हजारो मुलांचा चौथ्या वर्षापासून आठव्या वर्षापर्यंत माग घेणाऱ्या अभ्यासात दिसले, की मूल नुसते केंद्रात गेल्याने भागत नाही; तिथे त्याच्याबरोबर काय घडते, यावर त्याची शाळेची तयारी ठरते. तमिळनाडूत अंगणवाडीला शिक्षणासाठी अर्धवेळ जादा कार्यकर्ती दिली, तेव्हा शिकवण्याचा वेळ जवळपास दुप्पट झाला, मुलांची भाषा आणि गणित सुधारले, शिवाय कुपोषणही घटले. याचा अर्थ, सेविकेच्या कामातली उणीव पुष्कळदा तिची नसून व्यवस्थेने तिच्यावर लादलेल्या कामांची असते. ती उणीव नेमकी कुठे आहे, हे मोजल्याशिवाय दाखवता येणार नाही.

सेविकेच्या कामाचे निरीक्षण करण्याऐवजी मुलांचीच चाचणी घ्यावी, असे काहींना वाटेल. पण चार वर्षांच्या मुलाची एका दिवसाची उत्तरे त्याच्या झोपेवर, भुकेवर आणि समोरच्या अनोळखी चेहऱ्यावर अवलंबून असतात; आणि चाचणी आली की घोकंपट्टी मागोमाग येतेच. निरीक्षण व्यक्तिसापेक्ष असते, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. पण ‘सेविका चांगली शिकवते का’ असे न विचारता ‘खुला प्रश्न विचारला का, उत्तरासाठी थांबली का, मुलाच्या घरच्या बोलीला वाव दिला का, खेळ निवडू दिला का’ असे विचारले, आणि निरीक्षण करणाऱ्या दोघींनी एकाच तासाची स्वतंत्र नोंद करून ताडून पाहिली, तर मतभेद बरेच आटोक्यात येतात. बोर्डी-कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षण उभे केले, त्या महाराष्ट्राला मुलांकडे बारकाईने पाहणे परके नसावे. खरी अडचण हे निरीक्षण करणाऱ्या पर्यवेक्षिकेच्या वेळेची आहे. एका पर्यवेक्षिकेकडे पंचवीसच्या आसपास अंगणवाड्या आणि शिवाय बैठका, अहवाल. तेव्हा तिच्या भेटीतली रजिस्टर-तपासणी कमी करूनच निरीक्षणाला जागा मिळेल. नवे काम जुन्यावर रचले, तर तेही कागदी होईल.

म्हणून आमची मागणी आहे, की अंगणवाडीच्या सध्याच्या अभ्यासक्रमाला धरून मराठीत आणि आदिवासी बोलींचे भान ठेवून छोटे निरीक्षणपत्रक तयार करावे. ते आधी निवडक प्रकल्पांत सेविकांसह तपासावे, पर्यवेक्षिकांना त्याचे प्रशिक्षण द्यावे आणि प्रत्येक निरीक्षणानंतर सेविकेशी त्याच दिवशी बोलणे बंधनकारक करावे. या नोंदींचा मानधनाशी, बदलीशी किंवा नोटिशीशी संबंध जोडला जाणार नाही, असे लेखी आदेश निघावेत. नाहीतर खरी नोंद कोणीच करणार नाही. या मागण्यांवरील निर्णय आम्हाला लेखी कळवावा, ही विनंती.

आपले,
अंगणवाडीतील मुलांचे पालक व बालशिक्षण कार्यकर्ते