पाळी जाताना घरधनिणीची काळजी

भगिनींनो, पंचेचाळिशी-पन्नाशीच्या सुमारास पाळी मागेपुढे होऊन पुढे थांबते. अंगातून वाफा निघतात, घाम फुटतो, झोप मोडते, चिडचिड होते. हा आजार नव्हे. परंतु या काळात हाडांतील कॅल्शियम झपाट्याने घटते आणि उतारवयात साध्या पडण्यानेही हाड मोडते.

कस उतरलेल्या जमिनीला आपण खत देतो, तसेच शरीराचेही आहे. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. रोजच्या जेवणात नाचणीची भाकरी, तिळाची चटणी, दही व एखादी उसळ असावी. बांधावर शेवगा लावावा. त्याच्या पाल्याची भाजी करावी. थोडे ऊन अंगावर घ्यावे. चहा व तिखट कमी करावे.

पाळी वर्षभर थांबून पुन्हा रक्त गेले, तर अंगावर काढू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. कोणी पिशवी काढण्याचा सल्ला दिला, तर आधी दुसऱ्या डॉक्टरांना विचारा. अंडाशयेही काढली, तर पाळी जाण्याचा त्रास एकदम सुरू होतो.

आणि शेतकरी बंधूंनो, डेअरीला दूध घालण्यापूर्वी घरधनिणीच्या वाट्याचे पेलाभर दूध बाजूला काढा.